तडीपारीची नोटीस आणि अनुच्छेद २१ : कायद्यात लिहिलेली पायरी पाळली की झाले का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न जरा लांबणार आहे, कारण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

माझ्या मावसभावाला मागच्या सोमवारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ खाली नोटीस मिळाली. तालुक्याच्या गावी त्याचे ट्रॅक्टरदुरुस्तीचे गॅरेज आहे. घरात आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी आहे. कलम ५६ नुसार आमचा जिल्हा आणि लगतचे दोन जिल्हे अशा तीन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा, असे त्या नोटिशीत म्हटले आहे. त्याच्या नावावर तीन गुन्हे दाखवले आहेत. पहिला २०१५ मधील मारामारीचा असून त्यातून तो २०१९ मध्ये निर्दोष सुटला. दुसरा २०१८ मधला, शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणाचा. त्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध तक्रारी दिल्या होत्या आणि पुढे तडजोड झाली. तिसरा मागच्या वर्षीचा आहे आणि त्याचा खटला अजून उभा राहिलेला नाही. याशिवाय, परिसरातील नागरिक भीतीपोटी उघडपणे साक्ष देण्यास धजावत नाहीत, असे एक वाक्य आहे. कुठला परिसर, कधीची घटना, कसली भीती, यांपैकी एका गोष्टीचाही उल्लेख नाही.

नोटीस मी स्वतः हातात घेऊन वाचली. छापील मजकुराची झेरॉक्स आहे आणि मोकळ्या जागा बॉलपेनाने भरल्या आहेत. एका ठिकाणी दुसऱ्याच तालुक्यातील गावाचे नाव होते, ते खोडून वर आमच्या गावाचे नाव लिहिले आहे. तिसऱ्या परिच्छेदात मात्र ते खोडायचे राहून गेले आहे. मावशीने तो परिच्छेद दोनदा वाचला आणि एवढेच विचारले, की हा कागद आपला आहे की दुसऱ्या कुणाचा.

मावसभाऊ अगदी साधा आहे असे मी म्हणणार नाही. तो तापट आहे, उधारीवरून त्याचे लोकांशी खटके उडतात आणि मागच्या वर्षीच्या गुन्ह्यात काय खरे, काय खोटे, हे न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न वेगळा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे म्हटले आहे. आता कायद्यात नोटीस द्या असे लिहिले आहे आणि नोटीस तर दिलेली आहे. खुलासा मागवा असे लिहिले आहे, तो मागवलेला आहे. मग कार्यपद्धती पाळली गेली, असे म्हणून विषय संपतो का? की त्या नोटिशीत काय लिहिले आहे, त्यावरून समोरच्या माणसाला खरोखर उत्तर देता येईल का, हेही संविधान बघते? अमेरिकेत ज्याला ड्यू प्रोसेस म्हणतात, म्हणजे कायद्यातली पद्धत मुळात न्याय्य आहे का हेही न्यायालयाने तपासणे, ते आपल्या संविधानात नाही, असे आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी सांगितले, त्यामुळे घरचे सगळे हातपाय गाळून बसले आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सनदधारक

सर्वांत आधी मुदतीचे. सात दिवस मोजत घरी बसू नका. उद्याच त्या कार्यालयात जा, वकीलपत्र दाखल करा, आणि ज्या कागदपत्रांच्या आधारे नोटीस काढली आहे त्यांच्या प्रती व खुलाशासाठी वाढीव मुदत लेखी अर्जाने मागा. तोंडी मागितलेल्या मुदतीचा पुढे काहीही पुरावा राहत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या परिचित वकिलांनी सांगितले ते शब्दांपुरते खरे आहे, पण त्यातून आपण जो निष्कर्ष काढून बसला आहात तो खरा नाही. अनुच्छेद २१ मध्ये ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द नाहीत. ए. के. गोपालन यांच्या खटल्यात १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असेच ठरवले, की विधिमंडळाने रीतसर केलेल्या कायद्यात जी पद्धत सांगितली असेल ती पाळली म्हणजे अनुच्छेद २१ चे समाधान होते आणि ती पद्धत न्याय्य आहे की नाही हे तपासणे न्यायालयाचे काम नाही. न्यायमूर्ती फझल अली यांनी त्या वेळी भिन्नमत नोंदवले होते. गोपालन निकालाचा प्रभाव जवळजवळ दोन दशके टिकला. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण निकालाने त्याचा पाया खिळखिळा केला आणि २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी खटल्यात चित्रच पालटले.

त्या खटल्याची हकीकत आपल्या भावाच्या नोटिशीशी फार जवळची आहे. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांना पारपत्र जमा करण्याचे पत्र आले. कारण विचारल्यावर, सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी कारणे देता येणार नाहीत, असे उत्तर मिळाले. पारपत्राच्या कायद्यात आधी सुनावणी द्या, असे कुठेही लिहिलेले नव्हते. तरीही सात न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की अनुच्छेद २१ मधील कार्यपद्धती ही न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे. मनमानी किंवा जुलमी पद्धत ही त्या अनुच्छेदाच्या अर्थाने कार्यपद्धतीच नव्हे. अनुच्छेद १४ (समानता), १९ (संचारासारखी स्वातंत्र्ये) आणि २१ हे वेगवेगळे कप्पे नसून ते एकत्र वाचायचे असतात, हेही तिथेच पक्के झाले. न्यायालयाने पारपत्राचा आदेश थेट रद्द केला नाही, कारण सरकारने म्हणणे ऐकून घेण्याची हमी दिली. पण म्हणणे ऐकण्याचे बंधन कायद्यात लिहिलेले नसतानाही ते गृहीत धरायचे, हे मात्र ठरून गेले.

आपल्या बाबतीत तर ते बंधन कायद्यातच लिहिलेले आहे. कलम ५९ नुसार हद्दपारीचा आदेश काढण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला तिच्याविरुद्धच्या महत्त्वाच्या आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवावे लागते आणि खुलासा करण्याची वाजवी संधी द्यावी लागते. त्याला वकिलामार्फत हजर राहता येते, लेखी म्हणणे दाखल करता येते आणि आपले साक्षीदार तपासावेत असा अर्जही करता येतो. तो अर्ज केवळ त्रास देण्यासाठी किंवा वेळकाढूपणासाठी आहे असे अधिकाऱ्याला वाटले, तर त्याची कारणे लिहून ठेवूनच तो नाकारता येतो. बहुतेक लोक साक्षीदार तपासण्याचा हा अर्ज करतच नाहीत. माझ्या मते ती मोठी चूक असते.

इथे एक मर्यादाही स्पष्ट सांगतो, नाहीतर आपली अपेक्षा चुकीची होईल. हा कायदाच घटनाबाह्य आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. कलम ५६ वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच म्हटले आहे. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील एका तडीपारीच्या प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले, की आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप म्हणजे बारीकसारीक तपशील नव्हे. साक्षीदार पुढे यायला घाबरतात म्हणूनच हा कायदा अस्तित्वात आहे, त्यामुळे घटनेचा तपशील इतका दिला की साक्षीदार ओळखू यावा, तर कायद्याचा हेतूच बाजूला पडेल. म्हणून साक्षीदारांची नावे मागू नका. ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. मात्र साधारण कोणता काळ, कोणता भाग आणि कोणत्या प्रकारचे कृत्य, एवढे मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ‘नागरिक घाबरतात’ हे वाक्य आरोपाचे स्वरूप सांगत नाही, ते फक्त आरोप झाल्याचे सांगते.

दुसरा आधार २८ जानेवारी २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी हद्दपार केलेल्या एका व्यक्तीचे ते प्रकरण होते. न्यायालयाने म्हटले, की हद्दपारी हा नेहमीचा उपाय नसून असाधारण परिस्थितीत, क्वचितच वापरायचा उपाय आहे. भारतभर मुक्तपणे संचार करण्याच्या अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यावर ती घाला घालते, माणसाला स्वतःच्याच घरात कुटुंबासोबत राहू देत नाही आणि त्याची रोजीरोटीही हिरावू शकते. त्यामुळे त्यावर घातलेले निर्बंध वाजवीपणाच्या कसोटीला उतरलेच पाहिजेत. जुन्या, शिळ्या गुन्ह्यांचा आदेशाशी जिवंत संबंध दाखवता आला पाहिजे. कायद्याने कमाल दोन वर्षांची मुदत दिली आहे म्हणून दरवेळी सरसकट दोन वर्षे लावता येत नाहीत. कमाल मुदत का आवश्यक आहे, याबद्दल अधिकाऱ्याने मनाशी केलेला विचार आदेशात दिसला पाहिजे. आपल्या नोटिशीतील २०१५ आणि २०१८ चे गुन्हे, निर्दोष सुटल्याचा निकाल आणि तीन जिल्ह्यांची व्याप्ती या तिन्हींवर हा निकाल लागू पडतो. लगतचे जिल्हे आदेशात घेण्याचा अधिकार कायद्यात आहे, पण ते का घेतले याचे कारण दिसले पाहिजे. गॅरेजवाल्याच्या तालुक्यातील भांडणांमुळे शेजारच्या दोन जिल्ह्यांतील कोणाला काय भीती आहे, हा प्रश्न लेखी म्हणण्यात अवश्य विचारा.

२०१९ च्या निकालाची प्रमाणित प्रत आजच अर्ज करून मागवून घ्या.

निवृत्त लिपिक

वरील प्रतिसादात कायद्याचे सर्व आले आहे, मी फक्त टेबलावरच्या दोन गोष्टी सांगतो. जो कागद द्याल त्याच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्क्यासह पोहोच घ्या. पोहोच दिल्याशिवाय बाहेर पडू नका, कोणी उद्या या म्हटले तरी. दुसरे म्हणजे प्रत्येक तारखेला रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदवहीत, आपली हजेरी लिहिली गेली की नाही ते पाहून मगच सही करा. मी अशा फाइली वर्षानुवर्षे हाताळल्या आहेत. ‘संधी देऊनही सामनेवाले हजर राहिले नाहीत’ ही ओळ फाइलमध्ये एकदा आली, की अपिलात तिच्याशी झगडण्यातच सगळा वेळ जातो. आणि गावाचे नाव न खोडलेला तो परिच्छेद आहे, त्याची झेरॉक्स न करता मूळ कागदच जपून ठेवा. झेरॉक्समध्ये खाडाखोड नीट उठत नाही.

पेठेतली दुकानदार

मला दुसरी बाजू मांडायची आहे, आणि ती कुणाला दुखवण्यासाठी नाही.

आमच्या पेठेत एक मनुष्य सहा वर्षे प्रत्येक दुकानातून महिन्याला पैसे नेत होता. मी नकार दिला त्या आठवड्यात माझ्या शटरसमोर रोज सकाळी कचऱ्याचा ढीग असायचा आणि नंतर माझ्या मुलाला शाळेच्या वाटेवर अडवून, तुझी आई फार शहाणी झाली आहे का, असे विचारले गेले. त्याच्यावर गुन्हे दाखल होत, पण साक्षीच्या दिवशी न्यायालयात कोणी बोलत नसे आणि तो सुटे. सुटून आला की मिठाई वाटत असे. शेवटी चार दुकानदारांनी बंद खोलीत जबाब दिले. त्यांत मीही होते. अधिकाऱ्यांनी नावे कुठेही येणार नाहीत असे सांगितले होते आणि तो शब्द पाळला गेला. तो मनुष्य दीड वर्ष जिल्ह्याबाहेर होता. त्या दीड वर्षात माझा मुलगा एकटा शाळेत जाऊ लागला.

इथे सगळे ज्याला नोटीस आली त्याच्या हक्कांबद्दल लिहीत आहेत. ज्यांनी जीव मुठीत धरून जबाब दिला त्यांचे जीवित आणि स्वातंत्र्य अनुच्छेद २१ मध्ये येत नाही का? ‘निर्दोष सुटला’ या दोन शब्दांमागे पुष्कळदा काय असते, ते आमच्यासारख्यांना ठाऊक असते. नोटिशीत काळ आणि जागा लिहा असे म्हणणे सोपे आहे. आमच्या पेठेत अमुक महिन्यात, अमुक चौकात, पैसे न दिल्यावरून धमकी, एवढे जरी लिहिले असते तरी ते माझे दुकान आहे हे त्याला अर्ध्या मिनिटात कळले असते.

नागरिकशास्त्र

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत असे. मूळ प्रश्नकर्त्यांनी जो प्रश्न विचारला तोच संविधान सभेतही होता, म्हणून थोडे मागचे सांगतो.

मसुद्यात आजचा अनुच्छेद २१ हा १५ व्या क्रमांकावर होता आणि सुरुवातीला त्यात ‘ड्यू प्रोसेस’ हेच शब्द होते. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत गेले असता तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. या शब्दांच्या आधारे निवडून न आलेले न्यायाधीश लोकप्रतिनिधींचे कायदे मोडीत काढू शकतात, असे फ्रँकफर्टर यांचे मत होते. अमेरिकेत कामगारांच्या हिताचे कायदे तसे मोडीत निघालेही होते आणि आपल्याकडे जमीनसुधारणा व्हायच्या होत्या. मसुदा समितीने मग १९४६ च्या जपानी संविधानातील अनुच्छेद ३१ वरून ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ ही शब्दयोजना घेतली.

हा बदल सभागृहात मुकाट्याने मान्य झाला नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जुने शब्द परत घालावेत अशी दुरुस्ती मांडली, कन्हैयालाल मुन्शींनी तिची बाजू घेतली, तर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरोधात होते. डिसेंबर १९४८ मधील ती चर्चा वाचताना जाणवते, की बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी खटल्याविना तुरुंगवास स्वतः भोगलेला होता. १३ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तराला उभे राहिले तेव्हा त्यांनी कुठल्याही एका बाजूला कौल दिला नाही. विधिमंडळ एखाद्या पक्षाच्या बळावर जुलमी कायदे करू शकते हा धोका त्यांनी मान्य केला, आणि मूठभर न्यायाधीशांनी आपल्या आवडीनिवडीनुसार कायदे रद्द करावेत हा धोकाही मान्य केला. दोन्हीकडे संकट आहे असे सांगून त्यांनी निर्णय सभागृहावर सोपवला. दुरुस्ती फेटाळली गेली.

पण ती बोच राहिली. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतःच नवा अनुच्छेद १५-अ मांडला, जो आज २२ वा आहे. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले पाहिजे, हे सर्व त्यातून आले. आधी जे केले गेले त्याची ही भरपाई आहे, अशा आशयाचे त्यांचे शब्द होते. मला ते वाक्य संविधान सभेतील सर्वांत प्रांजळ वाक्यांपैकी एक वाटते.

महाराष्ट्राला तर हा विषय परका नाहीच. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या वधानंतर नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली पकडून खटला न चालवताच डांबून ठेवले गेले. काय आरोप आहे हे सांगायला सरकार बांधीलच नव्हते. आणि स्वतंत्र भारतात आणीबाणीत मिसा या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांच्या घरी आमच्या पिढीने जाऊन पाहिले आहे. त्या वेळी नऊ उच्च न्यायालये नागरिकांच्या बाजूने उभी राहिली होती, तरी २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी त्यांच्यासाठी न्यायालयात दाद मागण्याचे दार बंद केले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. तो निकाल चुकीचा होता, हे न्यायालयाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात (खासगीपणाच्या हक्काच्या) स्वतःच्या तोंडाने मान्य केले. त्याआधीच ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली होती.

अजून एकच गोष्ट. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी स्थानबद्ध केलेल्या एका व्यक्तीला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. त्याने हिंदीत मागितली, ती नाकारली गेली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द केली, कारण कारणे कळवणे म्हणजे कागद हातात ठेवणे नव्हे. त्या माणसाला ती समजली पाहिजेत, तरच त्याला आपली बाजू मांडता येईल. स्थानबद्धता आणि तडीपारी हे वेगळे विषय आहेत, दोहोंचे कायदेही वेगळे आहेत, पण दुसऱ्या गावाचे नाव असलेला कागद हातात देणे याला कळवणे म्हणता येईल का, हे त्या निकालाच्या प्रकाशात विचारण्यासारखे आहे.

सनदधारक

पेठेतली दुकानदार, ताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपण जे लिहिले त्यातला एकही शब्द मला नाकारायचा नाही. मी तीस वर्षे फौजदारी वकिली करतो आणि साक्षीदार फिरल्यामुळे सुटलेली माणसे मी पाहिली आहेत. काही माझीच अशिले होती. आपले जीवित आणि स्वातंत्र्य अनुच्छेद २१ मध्ये येतेच, आणि म्हणूनच बंद खोलीतील जबाबांना न्यायालयांनी मान्यता दिली आहे.

तरीही एका मुद्द्यावर मी ठाम आहे. आपल्या प्रकरणात चार माणसांनी खरोखर जबाब दिले होते, अधिकाऱ्याने ते ऐकले होते आणि साक्षीदार उघड बोलायला तयार नाहीत हे त्याचे मत तुमच्यासमोर बसून बनले होते. कायद्याला तेच अपेक्षित आहे. साक्षीदार पुढे येत नाहीत असे अधिकाऱ्याचे मत बनले नसेल, त्याच्यासमोर काही सामग्रीच नसेल, किंवा कलम ५९ ची पद्धत पाळली नसेल, तर आदेशाला आव्हान देता येते, हे कलम ६१ सांगते. आता झेरॉक्स काढलेल्या नोटिशीतले तेच वाक्य ज्याच्या त्याच्या नावापुढे येऊ लागले, तर खरे जबाब कोणत्या फाइलमध्ये आहेत आणि कोणत्या फाइलमध्ये फक्त वाक्य आहे, हे न्यायालयाला कसे ओळखू येणार? तशा नोटिशींवरचे आदेश उच्च न्यायालयात टिकत नाहीत. आणि ते टिकत नाहीत तेव्हा आपल्या पेठेतल्यासारखा खरा गुंडही त्याच दारातून बाहेर पडतो. नीट चौकशी करून, जपून लिहिलेली नोटीस आपल्यासारख्या साक्षीदाराच्याच कामाची असते.

काळ आणि जागा किती सांगायची, हा अवघड भाग आहे, हे मान्य. चौकाचे नाव देण्याची गरज नाही. पेठेचा भाग आणि दोन-तीन महिन्यांचा काळ पुरेसा असतो. साक्षीदार एकच असेल आणि तेवढ्यानेही तो ओळखू येणार असेल, तर त्या जबाबावर भर न देता इतर सामग्रीवर प्रस्ताव उभा करणे, हे चौकशी अधिकाऱ्याचे कौशल्य आहे. काही अधिकारी ते मनापासून करतात.

प्रश्नकर्त्यांसाठी शेवटचे. आदेश विरोधात गेलाच, तर कलम ६० खाली तीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते, आणि त्यानंतर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका. आपण कृष्णाकाठचे आहात असे नावावरून वाटते. तसे असेल तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतील. आदेश हातात पडल्यावर मात्र तो पाळावाच लागतो. अपील दाखल केले म्हणून घरी राहिला तर नवा गुन्हा होतो आणि मूळ म्हणणे कितीही चांगले असले तरी ते मागे पडते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात दोन तारखा झाल्या.

पहिल्या तारखेला आम्ही वकिलांसह गेलो. मुदतवाढीचा आणि कागदपत्रांचा अर्ज दिला, पोहोच घेतली. बाहेरच्या बाकावर अडीच तास बसलो होतो. आत गेल्यावर वकिलांनी मूळ नोटीस समोर ठेवून तिसऱ्या परिच्छेदातील गावाच्या नावावर बोट ठेवले. अधिकाऱ्यांनी तो परिच्छेद वाचला, लिपिकाला बोलावून फाइल मागवली आणि काही वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी ती नोटीस मागे घेऊन नव्याने देण्याचे आदेश रोजनाम्यात लिहिले. ते आमच्याशी रागावून किंवा उपकाराच्या भावनेने बोलले नाहीत, हे मुद्दाम नमूद करतो.

नवी नोटीस आठ दिवसांनी आली. ती तीन पानी आहे आणि संगणकावर लिहिलेली आहे. २०१५ च्या गुन्ह्यापुढे ‘निर्दोष मुक्तता’ असे लिहिले आहे. हद्दपारीची प्रस्तावित व्याप्ती आता एका जिल्ह्याची आहे. दोन गोपनीय जबाबांचा उल्लेख असून दोन्हींचे स्वरूप दोन-दोन ओळींत दिले आहे : एक, गेल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास बसस्थानकाच्या भागात शिवीगाळ व धमकी, दुसरा, एप्रिलमध्ये उधारीच्या वसुलीवरून एकास मारहाण.

हे वाचल्यावर घरात पहिल्यांदा नीट बोलणे झाले. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत मावसभाऊ ऊसतोडणी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कर्नाटकात होता. डिझेलच्या पावत्या, लॉजच्या पावत्या आणि ज्या ठेकेदाराकडे तो होता त्याचे हिशेबाचे रजिस्टर मिळाले आहे. ठेकेदार साक्षीला यायला तयार आहे आणि त्याला तपासण्याचा अर्ज आम्ही दिला आहे. एप्रिलचे मात्र खरे आहे. त्याने हात उचलला होता, आणि हे त्याने मावशीसमोर कबूल केले. त्यावर काय लिहायचे ते वकिलांनी त्यालाच विचारले. तसा प्रसंग घडला, त्याबद्दल खेद आहे, त्या व्यक्तीची उधारी सोडून दिली आहे आणि चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र द्यायला तयार आहे, असे लेखी म्हणण्यात जाणार आहे.

पेठेतली दुकानदार, ताई, आपला प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. एप्रिलमधला जबाब कोणी दिला असेल याचा त्याला अंदाज आहे. तो अंदाज त्याने आम्हाला सांगितला नाही आणि आम्हीही विचारलेला नाही.

२०१९ च्या निकालाची प्रमाणित प्रत काल मिळाली. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे.